आजारपण, दवाखान्याचे बिल आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धम्माच्या व्यासपीठावरून दवाखान्याच्या बिलावर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासात ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत एकटा पडला होता. त्याची सेवा करणारे कोणी नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. नंतर त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले, की तुमचे आईबाप येथे नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, हा त्या उपदेशाचा मथितार्थ.

त्याच ठिकाणी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करू शकतो, पथ्य काय आणि अपथ्य काय हे जाणतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, घाणीची किळस बाळगत नाही आणि आजाऱ्याला वेळोवेळी धीर देतो. त्यात सहावा गुण घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु आजच्या काळात आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला कागद वाचता आला पाहिजे आणि न घाबरता प्रश्न विचारता आला पाहिजे, एवढे मात्र आम्ही अनुभवाने सांगतो.

एका कुटुंबाची हकिगत

दोन वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाच्या धाकट्या भावाला पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. हा मुलगा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला होता. रात्रीची वेळ, घरात घबराट. अनामत रक्कम भरण्यासाठी वहिनींनी गळ्यातली पोत गहाण टाकली. सहाव्या दिवशी मुलगा बरा झाला आणि बिल हाती आले ते एक लाख चौसष्ट हजारांचे. आम्हाला निरोप आला तो त्या दिवशी.

आम्ही तिघे जण गेलो. भांडण केले नाही. काउंटरवर नम्रपणे तपशीलवार बिल मागितले. ते दोन तासांनी मिळाले. बाकावर बसून पेन्सिलीने एक एक ओळ तपासली. खाटेचे भाडे सहाऐवजी सात दिवसांचे लागले होते. रक्ताची एक तपासणी एकाच दिवशी दोनदा लागली होती, रिपोर्ट मात्र एकच होता. न वापरलेली इंजेक्शने औषध दुकानात परत केली होती, ती रक्कम वजा झालेली नव्हती. आम्ही हे दाखवले तेव्हा तेथील हिशेबनिसाने फारशी खळखळ न करता दुरुस्ती केली. शेवटी डॉक्टरसाहेबांना भेटून परिस्थिती सांगितली, त्यांनी आपल्या फीमध्ये सूट दिली. सर्व मिळून सव्वीस हजार रुपये कमी झाले. आम्हाला मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले.

परंतु घरी परतताना आम्ही त्या मुलाच्या पगाराचा कागद पाहिला आणि आमचा आनंद मावळला. त्याच्या पगारातून दरमहा ई.एस.आय.ची रक्कम कापली जात होती. घरात केशरी रेशनकार्ड होते. म्हणजे हा मुलगा एक नव्हे तर दोन मार्गांनी मोफत उपचाराचा हक्कदार होता. परंतु त्या रात्री कोणालाच ते आठवले नाही आणि कोणी विचारलेही नाही. सव्वीस हजार वाचले, मात्र जे एक लाख अडतीस हजार मुळात भरावेच लागले नसते, ते गेले.

आजच्या व्याख्यानाचे सार या एका हकिगतीत आहे. बिल कमी करण्याची खरी वेळ डिस्चार्जच्या दिवशी नसते. ती पहिल्या तासाला असते, आणि त्याच्याही आधी, घरात सगळे धडधाकट असताना असते.

ई.एस.आय. : बाबासाहेबांच्या कारकिर्दीत रुजलेले बीज

बोईसर-तारापूर हा कामगारांचा पट्टा आहे. रसायने, कापड, पोलाद अशा नाना तऱ्हेच्या कारखान्यांत आपली मुले राबतात. म्हणून सुरुवात ई.एस.आय.पासून करू.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ज्या कपातीला आपली मुले पगार कापला म्हणून नावे ठेवतात, तिच्यामागे हा इतिहास आहे.

२०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी वर्गणी ठरली. त्या बदल्यात कामगाराला, त्याच्या पत्नीला, मुलांना आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून प्राथमिक उपचाराचा हक्क सुरू होतो. मोठ्या विशेष उपचारांसाठी मात्र काही काळाची वर्गणी जमा असावी लागते.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून तीन गोष्टी आजच करा. पगाराच्या कागदावर कपात दिसते का ते पाहा. आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि घरातील दुसऱ्या माणसालाही तो माहीत असू द्या. कुटुंबीयांची नावे नोंदवून घ्या. कपात होते आणि क्रमांक दिला जात नाही, अशी स्थिती असेल तर ई.एस.आय.च्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. कामावर अपघात झाला तर त्याची नोंद त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात वहीत झाली आहे याची खात्री करा. ती नोंद नसेल तर पुढचे सगळेच अवघड होते.

सरकारी रुग्णालय : लाज कसली?

आपल्यातील एक समजूत आम्हाला खटकते. चार पैसे आले की सरकारी दवाखान्यात जाणे कमीपणाचे वाटू लागते. बंधूंनो, ते आपल्याच कराच्या पैशांतून चालते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी आणि उपचारापर्यंत सर्व सेवा निःशुल्क करण्यात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय हे सर्व यात येते. आपल्या भागात डहाणू व जव्हारची रुग्णालये आहेत, मनोरला महामार्गालगत रुग्णालय आहे. मुंबईतील के.ई.एम., नायर व शीव ही रुग्णालये महापालिकेची आणि जे.जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचे असल्यामुळे तेथे हा निर्णय जसाच्या तसा लागू नाही. परंतु तेथील शुल्क खासगी रुग्णालयाच्या मानाने किरकोळ असते. एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत आल्यामुळे पालघर-बोईसरहून मुंबई सेंट्रलजवळचे नायर गाठणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. उत्तरेकडील पाड्यांतील लोक सिल्वासाच्या विनोबा भावे शासकीय रुग्णालयातही जातात.

बाळंतपणाचा खर्च तर करूच नये. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी रुग्णालयात साधे बाळंतपण असो वा सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, मातेचा आहार आणि घर ते रुग्णालय व परत असा प्रवास मोफत आहे. आजारी बाळाच्या उपचारालाही ही सवलत आहे. यासाठी १०२ क्रमांकाची आणि इतर तातडीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फोन करताच मोफत मिळते.

सरकारी रुग्णालयात सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, एखादे यंत्र बंद असते, पुढे पाठवले जाते. परंतु पुढे पाठवण्याची चिठ्ठीसुद्धा मोलाची असते. ती घेऊन सरकारी मार्गानेच पुढच्या रुग्णालयात जावे. वाटेत भेटलेला कोणी अमुक ठिकाणी चला, मी ओळखतो, असे म्हणाला तर त्याच्या मागे जाऊ नये. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणे-घेणे डॉक्टरांना २००२ च्या व्यवसाय नियमांनी निषिद्ध केले आहे. तरीही ते कोठे चालत असेल तर तो पैसा शेवटी आपल्याच बिलातून वसूल होतो.

महात्मा फुले योजना

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ साली राज्यभर पसरलेली योजना १ एप्रिल २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी कार्डधारकांसाठी होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्यात आली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण ठरले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वेगळे कार्ड मिळू लागले आहे. घरातील आजी-आजोबांचे कार्ड काढले का, हे आज घरी जाऊन विचारा.

आता या योजनेतील खाचाखोचा सांगतो, कारण लोक तेथे अडतात.

पहिली, योजना सगळ्याच रुग्णालयांत नसते, यादीतील रुग्णालयांतच असते. दुसरी, एखादे रुग्णालय हृदयविकारासाठी यादीत असते, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसते. म्हणून योजना आहे का एवढेच विचारू नका, या आजारासाठी आहे का असे विचारा. तिसरी, यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, दाखल होतानाच त्याला भेटा. चौथी, उपचारापूर्वी मंजुरी लागते. तातडी असेल तर ती फोनवरून मिळण्याची सोय आहे. आधी पैसे भरा, योजनेचे नंतर पाहू, असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबून आरोग्यमित्राला बोलवा, कारण एकदा रोखीचा रुग्ण म्हणून नोंद झाली की मागे फिरणे कठीण. पाचवी, मंजूर उपचारात खाट, शस्त्रक्रिया, तपासण्या, औषधे, जेवण हे सर्व धरलेले असते, त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. शंका आल्यास १५५३८८ हा मदत क्रमांक आहे. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा

मुंबईतील मोठी आणि महागडी समजली जाणारी कित्येक रुग्णालये सार्वजनिक न्यासाची आहेत. लीलावती, जसलोक, बॉम्बे हॉस्पिटल, हिंदुजा ही नावे तुम्ही ऐकली आहेत. त्यांच्या दारातून आत जाण्याची आपल्याला भीती वाटते. परंतु महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी मंजूर केलेली योजना काय सांगते? अशा रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवल्या पाहिजेत. आपल्या एकूण बिलांच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निर्धन रुग्ण निधी ठेवला पाहिजे. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रकमेसाठी न अडवता त्याला दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार केले पाहिजेत.

उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. अलीकडे ती निर्धन रुग्णासाठी वर्षाला १,८०,००० रुपये आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० रुपये अशी आहे. निर्धन रुग्णाचे उपचार मोफत, औषधांचा व साहित्याचा खर्च खरेदीच्या किमतीने त्या निधीतून. दुर्बल घटकाला सवलतीचे दर लागतात आणि औषधांच्या खर्चातील वाटा त्याला स्वतः उचलावा लागतो. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाचे कार्यालय असते, पहिल्याच दिवशी तेथे अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. खाट शिल्लक नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रिकाम्या राखीव खाटांची माहिती असते, तक्रारही तेथेच करता येते.

यापैकी कशातच बसत नसेल, तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. तोही उपचार सुरू असतानाच, रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करायचा असतो. ही मदत रुग्णाच्या हाती न देता रुग्णालयाला दिली जाते.

खासगी रुग्णालयातच जावे लागले तर

कधी कधी दुसरा पर्यायच नसतो. अशा वेळी बिल आटोक्यात ठेवण्याचे काही साधे नियम आम्ही अनुभवातून शिकलो.

दाखल होताना अंदाजे खर्च लेखी मागा. १४ जानेवारी २०२१ रोजी सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांप्रमाणे रुग्णालयाने आपले प्रमुख दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तो फलक वाचा. सापडला नाही तर कोठे आहे असे विचारा.

खाट सामान्य कक्षातच घ्या. पुष्कळ ठिकाणी खोली बदलली की डॉक्टरांची भेट, शस्त्रक्रियागृह, परिचर्या, सगळ्याचेच दर बदलतात. शिवाय १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला पाच हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवर पाच टक्के कर लागतो. ज्यांचा खासगी विमा आहे त्यांनी खोलीभाड्याची मर्यादा आधी पाहावी. ती ओलांडली तर कित्येक कंपन्या बिलातील इतर काही खर्चांचीही त्या प्रमाणात कपात करतात.

औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही, तपासण्यांचेही तसेच. छापील किंमत ही कमाल किंमत असते, तिच्यापेक्षा कमीत विकायला कोणाची मनाई नसते. त्याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. जनऔषधी केंद्रांची योजना २००८ पासून आहे. मात्र डॉक्टरांना न विचारता औषध बदलू नका. हृदयाच्या स्टेंटच्या कमाल किमती फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ठरवून दिल्या. बिलात स्टेंटचे नाव, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी दाखवलेली असली पाहिजे.

रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचे बिल विचारा आणि एका वहीत लिहा. कोणते डॉक्टर किती वाजता आले, कोणती तपासणी झाली, किती औषधे आणली, किती परत केली. ही वही साक्षीदारासारखी कामाला येते. सहाव्या दिवशी सात दिवसांचे बिल आले की ती बोलते.

खर्च झेपत नाही असे दिसू लागले तर रुग्णाला उचलून घरी नेऊ नका. त्यात जीव जाईल. डॉक्टरांना विचारा, की रुग्णाची प्रकृती सरकारी रुग्णालयात हलवण्याइतकी स्थिर आहे का. असेल तर तेथे खाट आहे याची खात्री करून, सर्व कागद घेऊन हलवा. २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून बहात्तर तासांच्या आत उपचाराचे कागद देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आणि शेवटी, बिलाचा वाद आहे म्हणून रुग्णाला डांबून ठेवता येत नाही, मृतदेहही अडवता येत नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानेही असे अडवणे बेकायदेशीर असल्याचे म्हटले आहे. याचा अर्थ बिल बुडवावे असा नाही. रुग्णालयाला आपले पैसे कायद्याच्या मार्गाने मागता येतात. आपणही आपली बाजू लेखी मांडावी, हप्ते मागावेत. अन्याय झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल दिला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही.

बिल तपासले की कमी होते

बिल तपासून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोरोनाचा काळ आठवावा. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साध्या कक्षात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. तरीही बिले फुगलेली येऊ लागली, तेव्हा ठिकठिकाणी लेखापरीक्षक नेमण्यात आले. त्यांनी बिलांच्या ओळी तपासल्या आणि अनेक रुग्णालयांना जादा घेतलेले पैसे परत करावे लागले. लेखापरीक्षकाने केले ते फार विद्वत्तेचे काम नव्हते. ठरलेला दर एका हाती, बिल दुसऱ्या हाती, आणि बेरीज-वजाबाकी. आपल्यातील अकरावी-बारावीची मुलेमुली हे काम सहज करू शकतात.

सगळे डॉक्टर लुटारू आहेत, असा या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्या समाजातून कष्टाने शिकून डॉक्टर झालेली मुले आहेत, अर्ध्या फीत रुग्ण तपासणारे डॉक्टर याच तालुक्यात आहेत. आमचे भांडण माणसाशी नाही, आपल्या अज्ञानाशी आणि आपल्या संकोचाशी आहे. विचारले तर डॉक्टर रागावतील, आपल्या पेशंटकडे दुर्लक्ष होईल, या भीतीने आपण गप्प बसतो आणि बाहेर येऊन व्याजाने पैसे काढतो.

आपण काय करायचे?

संस्थेच्या वतीने आम्ही आपल्यापुढे चार गोष्टी ठेवतो.

एक. प्रत्येक घरात एक कापडी पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. तीत रेशनकार्ड, आधार, ई.एस.आय. क्रमांक, आरोग्य योजनेचे कार्ड, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि जुने रिपोर्ट. रात्री अपरात्री धावताना ही पिशवी उचलायची. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून मिळण्यास दिवस लागतात, आजार मात्र तेवढे थांबत नाही.

दोन. प्रत्येक विहारात एक पुरुष आणि एक महिला असे दोन रुग्णसोबती नेमावेत. कोणाच्याही घरी आजारपण आले की पहिल्या तासाला त्यांना निरोप जावा, शेवटच्या दिवशी नव्हे.

तीन. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील रुग्णालयांची यादी करावी. कोणते सरकारी, कोणते योजनेत आणि कोणत्या आजारासाठी, कोणते धर्मादाय. ती यादी विहाराच्या फळ्यावर लावावी आणि दर सहा महिन्यांनी तपासून दुरुस्त करावी. जुनी यादी माणसाला चुकीच्या दारात नेते.

चार. संस्थेच्या आजारी साहाय्य निधीतून रक्कम देण्यापूर्वी वरील मार्ग तपासले गेले का, हे पाहावे. निधी थोडा आहे. जे सरकारकडून हक्काने मिळते त्यावर तो खर्च झाला, तर ज्याला कोणताच मार्ग नाही त्याला आपण काय देणार?

बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मिळवून दिले. ते वापरणे ही आपली जबाबदारी आहे. न वापरलेला हक्क पेटीत ठेवलेल्या औषधासारखा असतो. घरात असूनही माणूस दुखण्याने तळमळत राहतो.

सुरुवातीला ज्या कुटुंबाची हकिगत सांगितली, तो मुलगा आज खडखडीत बरा आहे, पुन्हा कामावर जातो. त्याच्या खिशात आता त्याचे विमा कार्ड असते. परंतु वहिनींची पोत अजून सुटलेली नाही, तिचे व्याज दरमहा जाते. त्या आज या सभेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच आम्ही हे बोललो. त्या आम्हाला म्हणाल्या, सांगा भाऊ, म्हणजे दुसऱ्या कोणाची जाणार नाही. या व्याख्यानाचा हेतूही तेवढाच आहे.

 उद्या घरी गेल्यावर पहिले काम म्हणून ती पिशवी शिवायला घ्या, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!